सासऱ्यांच्या नावावरची व्हॅन आणि माझी बाकी मालमत्ता

मी, श्रीमती सुगंधा विद्याधर घाडीगांवकर, वय त्रेपन्न, धंदा मिरची-मसाला कांडप, राहणार मरोळ, अंधेरी पूर्व, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहिते. शिक्षण सातवी, तीही गणितात गटांगळ्या खात. डोकं ठिकाणावर आहे. ज्याला शंका असेल त्याने गाळ्यावर येऊन माझ्याशी पाव किलो मसाल्याचा भाव करून बघावा. थोडी साखर आहे, गुडघे कुरकुरतात, बाकी मला काही झालेलं नाही आणि इतक्यात मरायचा विचारही नाही. कोणी धमकावलं नाही, कोणी गोड बोलून भुलवलं नाही. भुलणाऱ्यातली मी नाही हे मरोळमध्ये कोणालाही विचारा.

अंधेरी कोर्टाबाहेर टेबल टाकून बसणारा टायपिस्ट हर्षद, त्याने नमुना दिला होता. पहिलंच वाक्य, मनुष्यदेह नाशवंत आहे. मी म्हटलं, "हे काढ रे, वाचूनच माणूस आडवा होईल." तो म्हणाला, "मावशी, मग तुम्हीच लिहा. फक्त खाडाखोड नको. जिथे खोडाल तिथे सही लागते, साक्षीदारांची पण." म्हणून एकदा लिहिलेलं मी खोडणार नाही. मत बदललं तर पुढे लिहीन. वाचणाऱ्याने शेवटपर्यंत वाचावं, मधेच भांडायला उठू नये.

आज २७ एप्रिल २०२५, रविवार. हे आत्ताच का लिहिते ते आधी सांगते. १५ तारखेला आमची व्हॅन उचलून नेली.

एप्रिल म्हणजे आमचा सीझन. वर्षाचा मसाला करायला लोक मिरच्या घेऊन येतात. आमच्या गल्लीत धड ऊन पडतं ते फक्त व्हॅनच्या टपावर, बाकी सगळी बिल्डिंगची सावली. म्हणून मी दर वर्षी व्हॅनवर जुनी साडी टाकते, पुढून-मागून खाली सोडते आणि टपावर मिरच्या वाळत घालते. गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. गाडी उचलणाऱ्यांना माहीत नव्हतं. त्यांच्यातला कोणीतरी आला, साडी वर केली, पुढच्या काचेवर नोटीस डकवली की हे वाहन टाकून दिलेलं आहे, तीन दिवसांत हलवा, नाहीतर उचलू. आणि साडी परत नीट खाली सोडून गेला. एवढ्या हळुवार हाताने माझ्या लग्नात सुद्धा मला कोणी साडी नेसवली नव्हती. तीन दिवस मी त्याच साडीवर मिरच्या उलट्यासुलट्या करत होते आणि खाली नोटीस. चौथ्या दिवशी मी बँकेत असताना क्लॅरिसचा फोन. क्लॅरिस म्हणजे समोरच्या गावठाणातली माझी मैत्रीण, पंचवीस वर्षं तिचा बॉटल मसाला, बाटल्यांत भरून ठेवतात तो, माझ्याकडे कुटते.

"सुगंधा, गाडी गेली गं तुझी!"

"कुठे गेली?"

"वर. क्रेनवर. मिरच्यांसकट."

"अगं मग थांबव त्यांना!"

"काय थांबवते? ते सगळे शिंकतायत. शिंकत शिंकत नेतायत."

आमच्याच गल्लीच्या तोंडाशी एक निळी गाडी आठ वर्षं उभी आहे. तिच्या बॉनेटमधून पिंपळ आलाय, चारही चाकं बसलीत, मालक कोण ते देवाला ठाऊक. तिला हात लावला नाही. मी नंतर विचारलं तर म्हणाले, ती ओढायला जड पडते. म्हणजे ज्याने गाडी जपली, हवा भरली, त्याची आधी उचलायची. झकास न्याय आहे.

गाडी सापडली गोवंडीच्या पुढे, एका मोकळ्या मैदानात. शेकडो गाड्या, गवत, एका रिक्षेत मांजर व्यालेली. टपावर मिरच्या नव्हत्या. वॉचमनने त्या गोळा करून घरी नेल्या होत्या. स्वतःच म्हणाला, "मावशी, झणझणीत होत्या हां." निदान खरं तरी बोलला. खिडकीतल्या क्लार्कचं आणि माझं बोलणं जसं झालं तसं लिहिते.

"मालक कोण?"

"सीताराम घाडीगांवकर."

"त्यांना घेऊन या."

"ते वारले. दोन हजार चौदा साली."

"मग अकरा वर्षं गाडी कोण वापरतंय?"

"माझे मिस्टर."

"मग त्यांना आणा."

"ते पण तिकडेच आहेत, वडिलांजवळ. दोन हजार एकवीसपासून."

तो हसला नाही. म्हणाला, सीतारामच्या सगळ्या वारसांची ना-हरकत आणा, स्टँपपेपरवर. उचलल्यापासून तीस दिवसांत कोणी सोडवली नाही तर भंगारात. मी दीड तास त्या खिडकीपुढे उभी होते. शेजारी रिकामी खुर्ची होती, त्यावर त्याचा डबा बसला होता.

चूक माझी आहे ते कबूल करते. चूक आमच्या सगळ्या खानदानाची आहे. माणूस गेला की तेरावं वेळेवर, वर्षश्राद्ध वेळेवर, कावळा पिंडाला शिवेना तर आमचा जीव कासावीस. पण कागदावरचं नाव बदला म्हटलं की, "राहू दे गं, अण्णांचंच तर नाव आहे, ते काय परकं आहे?" आजही विजेच्या बिलावर सासरे आहेत, गॅसच्या पुस्तकावर मिस्टर. माझ्या घरात जिवंत माणसांपेक्षा गेलेल्यांच्या नावावर जास्त सामान आहे. अण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, ती व्हॅन २०१२ साली दोन्ही मुलांसाठी घेतली, गिरणीच्या नोकरीचे पैसे जपून ठेवले होते त्यातून, आणि ठेवली स्वतःच्या नावावर. म्हणायचे, "गाडी माझ्या नावार आसा तवसर तुमी दोगव भांडूचे नाय." झालं भलतंच. माझी मुलगी निधी हिला असल्या खिडकीपुढे उभं राहावं लागू नये म्हणून हा कागद.

कलम एक. मरोळची राहती खोली, पोटमाळा धरून, माझी मुलगी निधी निलेश राणे, राहणार बोरिवली, हिला. अट एकच. मी गेल्यावर एका महिन्यात खोली, वीज, गॅस सगळ्यावरचं नाव बदलायचं. रडायचं ते त्यानंतर. पोटमाळ्यावरची पितळी भांडी विकू नयेत, जड आहेत म्हणून रडगाणंही गाऊ नये. मी ती एकटीने चढवली आहेत.

कलम दोन. बँकेतली ठेव आणि माझे दागिने निधीला. आकडा लिहीत नाही. जावई निलेश चांगला मुलगा आहे, पण आकडा वाचला की त्याला नवीन फोनची गरज वाटायला लागते.

कलम तीन. गाळ्यातला डंक, म्हणजे मसाला कुटायचं यंत्र, त्याची मोटर, चाळण्या, सुपं आणि वजनकाटा माझ्याकडे बारा वर्षं काम करणारी प्रांजल भोवड हिला. निधीने वाईट वाटून घेऊ नये, तिला मिरचीने खोकला येतो. प्रांजलने रंग लावलेली मिरची दारात घेऊ नये, गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो. क्लॅरिसचा बॉटल मसाला सकाळी पहिला घ्यायचा, डंक पुसून, म्हणजे त्याला आमच्या मालवणीचा वास लागत नाही. मसाल्याचं माप लिहून ठेवत नाही, ते प्रांजलच्या हातात आहे. माझ्याही हातातच होतं.

कलम चार. माझा दगडी खलबत्ता क्लॅरिसला, तिचा त्याच्यावर डोळा आहे हे मला माहीत आहे. गाळ्यातली माझी लाल प्लास्टिकची खुर्ची गोवंडीच्या खिडकीतल्या क्लार्कला नेऊन द्यावी, डबा ठेवायला नव्हे, बाईमाणसाला बसायला. हे मी थट्टेने लिहीत नाही, प्रांजलने रिक्षाने नेऊन द्यावी आणि पोच घ्यावी.

कलम पाच. माझी धाकटी जाऊ मधुवंती बाळा घाडीगांवकर, राहणार मुलुंड, हिला माझ्याकडून काही नाही.

ह्याचं कारण लिहायला हवं, नाहीतर लोक मलाच नावं ठेवतील. डिसेंबर २०१८, निधीचा साखरपुडा, अंधेरीतला हॉल. माझे दीर, बाळा भावोजी, यांनी व्हॅन बरोबर नो पार्किंगच्या पाटीखाली लावली. गाडीत साखरेच्या पुड्यांची ताटं, ओटीचे नारळ, सगळं. आमच्या घरात टोइंगवर एकच औषध होतं. गाडीत माणूस बसवायचा. माणूस आत असला की उचलत नाहीत. मिस्टरांनी तसे कितीतरी पेपर त्या व्हॅनमध्ये बसून वाचले. म्हणून मी म्हटलं, "मधू, पाच मिनिटं गाडीत बस, मी कोणाला तरी सामान उतरवायला पाठवते." ती पहाटेपासून करंज्या तळत होती. मागच्या सीटवर आडवी झाली आणि झोपली. आणि मी आत जाऊन विसरले. खिडकीतून डोकं दिसेना, म्हणून त्यांनी उचलली. बाईसकट.

ती उठली ती चौकीच्या दारात. तिचा फोन माझ्या पर्समध्ये. इकडे भटजी खोळंबले, निलेशकडची मंडळी घड्याळाकडे बघतायत, साखरेची पुडीच नाही तर साखरपुडा कसला? दोन तासांनी मधू रिक्षाने आली. शालू चुरगळलेला, केसातला गजरा कानावर, हातात साखरेचं ताट छातीशी धरलेलं. सगळा हॉल गप्प. आणि मला हसू आलं. असं आलं की थांबेना. मी खांबाला धरून हसले.

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. मिस्टर गेले तेव्हा आली, तेराव्याला चाळीस माणसांना वाढलं, भांडी सुद्धा घासली, आणि माझ्याशी एक शब्द न बोलता गेली. एवढं कोणी धरून ठेवतं का? सीतारामच्या वारसांत मी, निधी आणि बाळा भावोजी. भावोजींची सही म्हणजे मधूची परवानगी. फोन केला तर म्हणाले, "वहिनी, माझं काही नाही. तुम्ही हिच्याशी बोला." मी बोलणार नाही. म्हणून कलम पाच जसं लिहिलंय तसं.

कलम सहा. व्हॅन. सुटली तर निधीला. निधी म्हणते, "आई, मला नको गं, आमच्याकडे स्कूटर लावायला जागा नाही." मग कोणाला ते ठरत नाही. पुढची जागा कोरी सोडते.

८ मे, गुरुवार. तिसातले चोवीस दिवस गेले. कोऱ्या जागेकडे रोज बघते. काल प्रांजल म्हणाली, "ताई, गाडी जाऊ द्या, मिरच्या गच्चीवर वाळवू." बरोबर बोलली. पण मिस्टर गेल्यापासून दर रविवारी मी त्या गाडीत बसून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवते. चालवता येत नाही, नुसती बसते. त्या दहा मिनिटांत जे बोलायचं ते बोलून घेते. गेले तीन रविवार घरातच बोलले तर भिंतीशी बोलल्यासारखं वाटलं. हे कोणाला सांगितलं नव्हतं, इथे लिहिते कारण वाचाल तेव्हा मी नसेन. दोनशे गाड्यांच्या ढिगात तिचा पत्रा दाबतील, हे मला बघवणार नाही.

म्हणून आज दुपारी मुलुंडला गेले. बेल वाजवली. आतून मधूचा आवाज.

"कोण?"

"मी."

"मी कोण?"

"जिच्या हसण्यावर तू साडेसहा वर्षं काढलीस ती."

दार उघडायला जरा वेळ लागला. पाणी दिलं, बस म्हणाली नाही. मी आपली बसले.

"ताई, गाडी उचलली त्याचं मला काही नाही," मधू म्हणाली. "तुम्ही विसरलात, त्याचंही नाही. लग्नघरात होतं. पण तुम्ही हसलात. मी त्या चौकीत दोन तास साखर सांभाळत बसले. तिथला हवालदार पुडी उघडायला बघत होता, त्याच्या हातावर मारलं मी. आणि तुम्ही हसलात."

हे मला माहीतच नव्हतं. साडेसहा वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं की चौकीत काय झालं.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"जोरात म्हणा. ते आत टीव्ही बघतायत."

"चुकलं माझं, मधू!"

आतून भावोजी ओरडले, "ऐकलं! सही कुठे करायची?"

"तुम्ही गप्प बसा हो," मधू म्हणाली, आणि मला विचारलं, "सोडवून काय करणार? चालवणार कोण? ह्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, लायसन्स कधीच संपलं. परत गल्लीत उभी करणार, परत उचलतील."

ती उठली, कपाटातून पर्स काढली आणि टेबलावर लायसन्स ठेवलं. स्वतःचं. फोटोत सुद्धा रागावलेली.

"हे कधी?"

"मागच्या दिवाळीत. त्या चौकीत बसले होते ना, तेव्हाच ठरवलं होतं. मला चालवता येत असती तर त्यांच्या नाकासमोरून काढून आणली असती. साखरपुडा वेळेवर झाला असता."

मग तिने अट घातली. गाडी तिच्या नावावर करायची, आणि राहणार मुलुंडला. त्यांच्या सोसायटीत पार्किंगची जागा आहे, नंबर रंगवलेला. मी म्हटलं, विचार करते. ती म्हणाली, करा, सहा दिवस आहेत. चहा केला. साखर घातली नाही, माझी साखर तिच्या लक्षात होती.

१३ मे, मंगळवार. एकोणतिसावा दिवस. अट मी मान्य केली. मी, मधू आणि भावोजी गोवंडीला गेलो. तिघा वारसांच्या ना-हरकती स्टँपपेपरवर, निधीची बोरिवलीहून आलेली, सीतारामचा आणि मिस्टरांचा मृत्यूचा दाखला. क्लार्कने सगळं दोनदा बघितलं, त्याला काही खोट सापडेना म्हणून तो जरा उदास झाला. बॅटरी बसली होती, मेकॅनिक आणला. मग मधू चालवायला बसली आणि तिचे पाय पोचेनात. सीट अजून मिस्टरांच्या मापाने मागे होती. चार वर्षं मी तिला हात लावला नव्हता. मधूला कळलं. चावीवरचा हात तसाच ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली.

मी म्हटलं, "घे पुढे. अपघात करशील नाहीतर."

तिने खटका ओढला, सीट पुढे घेतली. मी शेजारी बसले, भावोजी मागे. भावोजी रस्ताभर सांगत होते, "डावीकडून घे, आता दाबू नको, अगं सिग्नल!" शेवटी मधूने गाडी बाजूला घेतली आणि म्हणाली, "उतरा, बसने या." मरोळपर्यंत मग एकदम शांत. मधूने गाडी बरोबर गाळ्यासमोर लावली, एका दमात, मागे-पुढे न करता. क्लॅरिस, तिचा नवरा कॉस्मस, प्रांजल सगळे बाहेर येऊन उभे राहिले. मी उतरले, आणि तिने गाडी वळवून मुलुंडला नेली. गल्लीत टपाएवढं ऊन रिकामं पडलं होतं, जमिनीवर. मी थोडा वेळ बघत राहिले, मग गिऱ्हाईक आलं.

आज १८ मे, रविवार. मृत्युपत्र पुरं करते.

कलम पाचबद्दल. खोडणार नाही असं म्हटलं होतं, खोडत नाही. मधुवंतीला ह्या कागदाने काही मिळत नाही हे तसंच राहू दे, त्यामुळे ती साक्षीदार म्हणून सही करू शकते. हर्षद म्हणतो, ज्याला काही मिळत नाही त्याची साक्ष पक्की. तिला जे द्यायचं ते मी हातात दिलं आहे.

कलम सहाबद्दल. कोरी जागा कोरीच राहू द्यावी. नाव बदलायचे कागद परवा भरले, गाडी मधुवंतीची होते आहे. जे माझं नाही ते मी कोणाला देऊ शकत नाही. पहिल्या पानावर सांगितलं की हा कागद त्या गाडीमुळे लिहायला घेतला, आणि आता गाडीच ह्यात नाही. मला दोन दिवस बोचलं. मग आज सकाळी मधू गाडी घेऊन आली, रविवार म्हणून, न विचारता. इंजिन चालू ठेवलं आणि म्हणाली, "तुम्हाला काय बोलायचं ते बोला, मी क्लॅरिसकडे बसते." तिला कोणी सांगितलं ते मला माहीत नाही. हा कागद वाचायला दिला होता प्रांजलला, शुद्धलेखन बघायला. प्रांजलचा डंक काढून घ्यावा असं क्षणभर मनात आलं. काढून घेत नाही.

अंमलबजावणी क्लॅरिस करेल. ती कोणाच्या बाजूची नाही आणि तिला कोणाची भीती नाही.

आता ह्यापुढे ह्या कागदात माझं काही उरलेलं नाही. कोणाला माझ्याशी भांडायचं राहिलं असेल तर मी जिवंत आहे तोवर मरोळला यावं, गाळा सकाळी आठला उघडतो. मी गेल्यावर भांडायला आलात तर उत्तर मिळणार नाही, आणि ते मला अजिबात आवडणार नाही.

हे सगळं मी वाचलं, मला समजलं, आणि साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण: मरोळ, अंधेरी पूर्व, मुंबई
तारीख: १८ मे २०२५

लिहून ठेवणार:
सुगंधा विद्याधर घाडीगांवकर (सही)

साक्षीदार, दोघांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर:

१. कॉस्मस फरेरा, मरोळ गावठाण (सही)

२. मधुवंती बाळा घाडीगांवकर, मुलुंड पूर्व (सही). मी सगळं वाचलं. ताईंनी लिहिलंय त्यापेक्षा त्या जास्त हसल्या होत्या.